परवान्याचा टी-शर्ट : किंमत कापडाची की चित्राची?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शोरूममध्ये बॅटमॅनचा अधिकृत परवान्याचा टी-शर्ट ९९९ ते १,२९९ रुपयांना मिळतो आणि लांबून अगदी तसाच दिसणारा टी-शर्ट महाद्वार रोडवर २०० ते ३०० रुपयांत टांगलेला असतो. या दोन किमतींमध्ये चौपटीचे अंतर का पडते आणि ते अंतर मोजून देण्याइतके काही ग्राहकाच्या हाती लागते का, हा प्रश्न कॉमिक्सच्या बहुतेक वाचकांना कधी तरी पडलेला असतो, पण त्याचे उत्तर सहसा ‘ब्रँडचे पैसे’ एवढ्यावरच थांबते. मी दोन्ही प्रकारचे टी-शर्ट बरीच वर्षे वापरत आलो आहे. त्या वापरावरून माझे मत असे झाले आहे की परवान्याच्या टी-शर्टची जास्तीची किंमत कापडासाठी नसते, चित्रासाठी असते. म्हणून चित्र त्या तोडीचे असेल तर ती अवश्य द्यावी आणि चित्राच्या नावाखाली नुसते बोधचिन्ह असेल तर देऊ नये.

परवाना म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन ही पात्रे डीसी या कॉमिक्स कंपनीची, म्हणजे वॉर्नर ब्रदर्स समूहाची आहेत. स्पायडरमॅन, हल्क, आयर्न मॅन ही मार्व्हलची असून मार्व्हल कंपनी २००९ साली डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. कपडे तयार करणारी कंपनी या मालकांशी करार करते, ठरावीक देशात आणि ठरावीक मुदतीपर्यंत ही पात्रे कपड्यांवर छापण्याची परवानगी मिळवते आणि त्याबद्दल विक्रीवर रॉयल्टी देते. मुंबईत २०१३ साली सुरू झालेली ‘द सोल्ड स्टोअर’ ही कंपनी अशाच परवान्यांवर उभी राहिली. युनिक्लोसारख्या परदेशी कंपन्यांच्या चित्रांच्या टी-शर्टमागेही हीच पद्धत असते. ही रॉयल्टी घाऊक किमतीच्या साधारण ८ ते १५ टक्के धरली जाते आणि माल खपो वा न खपो, एक किमान रक्कम मालकाला द्यावीच लागते. याखेरीज चित्रांचा अधिकृत संग्रह वापरणे, रंग नियमाप्रमाणे ठेवणे, छपाईपूर्वी प्रत्येक नमुना मालकाकडून मंजूर करून घेणे ही बंधने असतात, आणि प्रत्येक बंधनाला वेळ व पैसा लागतो.

आता हिशोब मांडून पाहावा. १,१९९ रुपयांच्या टी-शर्टची घाऊक किंमत ६०० रुपये धरली, तर रॉयल्टी ५० ते ९० रुपयांच्या घरात जाते. चांगल्या सुती कापडाचा, छपाई नसलेला टी-शर्ट घाऊक बाजारात २०० ते २५० रुपयांना मिळतो आणि एक किलो कापडात मध्यम मापाचे चार-पाच टी-शर्ट निघतात. म्हणजे कापड, शिलाई, छपाई आणि परवाना हे सगळे मिळूनसुद्धा छापील किमतीच्या निम्म्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे. उरलेले पैसे दुकानाच्या भाड्यात, जाहिरातीत, ऑनलाइन मागवून परत पाठवलेल्या पार्सलांच्या खर्चात आणि पुढे सेलमध्ये काढाव्या लागणाऱ्या मालाच्या तुटीत जातात. ही तूट पहिल्या महिन्यात पूर्ण किंमत देणारा ग्राहक भरून काढतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कराचा भार मात्र हलका झाला आहे. पूर्वी १,००० रुपयांवरच्या तयार कपड्यांवर १२ टक्के जीएसटी लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर तो ५ टक्के झाला आहे.

कापडाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण विक्रेते जास्तीच्या किमतीचे समर्थन बहुधा कापडाच्याच नावाने करतात. इचलकरंजी शेजारी असल्यामुळे आपल्या जिल्ह्यात कापडाची जाण घरोघरी आहे, पण टी-शर्टचे कापड इचलकरंजीच्या मागावरचे नसते. मागावर उभा आणि आडवा धागा एकमेकांत गुंफला जातो. टी-शर्टचे होजिअरी कापड हे फासात फास अडकवून विणलेले असते, म्हणून ते अंगाबरोबर ताणले जाते आणि वीण नीट बसवलेली नसेल तर दोन-चार धुण्यांत पिळवटून बाजूची शिवण पोटावर येते. अशा कपड्यांचे देशातील सर्वांत मोठे केंद्र तामिळनाडूतील तिरुप्पूर आहे. शोरूममधला टी-शर्ट आणि हातगाडीवरचा टी-शर्ट हे दोघेही बऱ्याचदा त्याच गावातून निघालेले असतात. त्यांच्यात फरक पडतो तो सुताच्या प्रतीमुळे आणि विणल्यानंतर कापडावर केलेल्या प्रक्रियांमुळे.

सूत विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतील, म्हणजे ज्याला कोम्ब्ड कॉटन म्हणतात ते असेल, तर कापड गुळगुळीत राहते आणि त्यावर बारीक गोळे उशिरा येतात. बायोवॉशमध्ये एन्झाइमने पृष्ठभागावरची लव काढली जाते. या प्रक्रियेचा फायदा अंगाला जाणवतोच, पण छपाईलाही होतो, कारण लव उभी असलेल्या कापडावर बारीक रेघ स्वच्छ उमटत नाही. जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. स्वस्त टी-शर्ट १४० ते १५० जीएसएमचे असतात आणि उजेडासमोर धरले की आरपार दिसते. चांगला नेहमीचा टी-शर्ट १८० च्या आसपास असतो. सध्या तरुण मंडळींत चालणारे ढगळ, खांदे उतरलेले टी-शर्ट २२० ते २४० जीएसएमचे असतात. गळपट्टीत लायक्राचा, म्हणजे ताणून पुन्हा जागेवर येणाऱ्या धाग्याचा, अंश आहे का आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत मानेमागून आतली पट्टी शिवली आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते, आणि टी-शर्ट किती वर्षे टिकेल याचा अंदाज लेबलवरच्या परवान्यापेक्षा या दोन गोष्टींवरून अधिक चांगला येतो.

परवाना आहे म्हणून कापड चांगले असणार, हा समज मात्र सोडून दिला पाहिजे. पात्राचा मालक चित्राच्या आणि रंगाच्या बाबतीत काटेकोर असतो. गळपट्टी किती धुण्यांनंतर सैल पडते, याची चिंता त्याला तितकीशी नसते. एका मोठ्या साखळी दुकानातून घेतलेल्या माझ्या परवानाधारक टी-शर्टचा गळा एका पावसाळ्यातच लोंबू लागला, आणि त्याच सुमारास लक्ष्मीपुरीतून घेतलेला, कोणतेही चित्र नसलेला साधा टी-शर्ट आजही आकार धरून आहे. उलट उदाहरणेही माझ्याकडे आहेत. परवाना आणि कापड यांचा एकमेकांशी काही बांधलेला संबंध नाही, एवढेच त्यातून निघते.

जाड कापडाच्या बाबतीत कोल्हापूरच्या हवेचाही विचार केला पाहिजे. २४० जीएसएमचा टी-शर्ट दुकानाच्या वातानुकूलित हवेत अंगावर घातला की भारदस्त वाटतो आणि त्यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त दिल्याचे दुःख होत नाही. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड लागली की कपडे घरात दोरीवर वाळवावे लागतात, आणि हे जाड कापड पंख्याखालीही लवकर वाळत नाही. गळपट्टी आणि काखेची शिवण ओली राहते व त्याला कुबट वास येतो. एप्रिल-मे महिन्यांत छातीभर रबरी छपाई असलेला जाड टी-शर्ट घालून दुपारी बिंदू चौकात उभे राहणे शिक्षाच आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जाड कापडाला सरसकट उच्च दर्जा म्हटलेले असते. आपल्या गावी १८० जीएसएमच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता छपाईकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. कोल्हापुरात टी-शर्टवरची छपाई कोणाला नवीन नाही. गणेशोत्सवात मंडळांचे, शिवजयंतीला तालमींचे आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांच्या समर्थकांचे टी-शर्ट शेकड्यांनी छापले जातात, आणि ते काम स्थानिक कारागीर उत्तम करतात. अशा मोठ्या कामाला स्क्रीन छपाई, म्हणजे जाळीतून शाई कापडावर उतरवण्याची पद्धत, वापरतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च जास्त असतो, पण एकदा जाळ्या बनल्या की पुढचा प्रत्येक नग स्वस्त पडतो. प्लास्टिसॉल ही प्लॅस्टिकयुक्त शाई वापरून साधारण १६० अंश सेल्सिअसला ती नीट भाजली असेल, तर छपाई टी-शर्टच्या आयुष्याइतकी टिकते. भाजणी कच्ची राहिली तर काही धुण्यांतच तडे जातात, आणि तडे गेलेली बहुतेक छपाई या एकाच कारणाने गेलेली असते.

एक-दोन नगांसाठी अलीकडे सर्वत्र डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) पद्धत आली आहे. चित्र आधी एका पारदर्शक फिल्मवर छापतात, त्यावर चिकट भुकटी टाकतात आणि उष्णतेच्या दाबाने ते कापडावर बसवतात. रंग भडक येतात, कितीही रंग घेता येतात आणि जाळी बनवण्याचा खर्च नसतो. पण चित्राच्या जागी अंगावर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवल्यासारखे वाटते आणि हलक्या प्रतीचे काम असेल तर कडा सुटतात. बाजारातल्या बिनपरवान्याच्या टी-शर्टमध्ये हल्ली हीच छपाई मोठ्या प्रमाणावर दिसते. परंतु परवान्याचा महाग टी-शर्टही डीटीएफचा असू शकतो, आणि तसा तो असेल तर ग्राहकाने पूर्ण किंमत देऊ नये. कापड हलकेच ताणून पाहावे. स्क्रीन छपाईत शाई कापडाच्या विणीबरोबर ताणली जाते व मधून धागा किंचित दिसतो. फिल्म असेल तर चित्र एकसंध सालीसारखे ताणले जाते. चित्राभोवती एखाद्या केसाएवढी पारदर्शक कड दिसली, तर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

काळ्या टी-शर्टवर कोणताही रंग उठून दिसण्यासाठी खाली आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. कॉमिक्सचे टी-शर्ट बहुसंख्येने काळे असतात, म्हणून हा पांढरा थर किती पातळ आणि किती अचूक बसवला आहे, यावर छपाईची निम्मी गुणवत्ता ठरते. थर जाड असेल तर छातीवर ढाल बांधल्यासारखे होते. तो किंचित सरकला असेल तर बॅटमॅनच्या झग्याच्या कडेने पांढरी रेघ डोकावते. डिस्चार्ज नावाच्या पद्धतीत पांढरा थर न देता कापडाचा मूळ रंगच त्या जागी काढून टाकतात आणि त्यात नवा रंग भरतात, त्यामुळे हाताला छपाई लागतच नाही. ही पद्धत सुती कापडावर आणि योग्य रंगावरच चालते, कौशल्य मागते, आणि मी पाहिलेल्या सर्वांत सुंदर कॉमिक्स टी-शर्टची छपाई या पद्धतीची होती. तशी छपाई असलेल्या टी-शर्टसाठी १,२०० रुपये देण्यात मला काहीही वावगे वाटत नाही.

कॉमिक्सच्या चित्राला इतर कोणत्याही चित्रापेक्षा चांगली छपाई जास्त लागते, याचे कारण त्या चित्राच्या घडणीतच आहे. ते चित्र काळ्या शाईच्या रेघेवर उभे असते. रेघ कुठे जाड होते, कुठे निमुळती होत संपते, अंधार दाखवण्यासाठी काळा रंग किती जागेत भरला आहे, यातच चित्रकाराचा हात दिसतो. १९६२ साली स्पायडरमॅन पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा स्टीव्ह डिटको यांनी त्याच्या पोशाखावर जे जाळे काढले, त्याच्या रेघा इतक्या बारीक आणि अंगाच्या वळणाबरोबर वळणाऱ्या आहेत की छपाई थोडी जाड झाली तरी त्यांचा काळा गोळा होतो. जुन्या कॉमिक्सचे रंगही चार शायांच्या ठिपक्यांनी, स्वस्त कागदावर छापलेले असत. अधिकृत संग्रहातले चित्र मूळ प्रतीवरून स्वच्छ करून घेतलेले असते, त्यामुळे ही रेघ आणि हे ठिपके टी-शर्टवर जसेच्या तसे उमटण्याची शक्यता असते. बिनपरवान्याच्या टी-शर्टवर इंटरनेटवरून उतरवलेले लहानसे चित्र ताणून मोठे केलेले असते. त्यातली रेघ दातेरी होते, चेहरा फुगतो, तांबडा रंग गुलाबीकडे झुकतो आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही पुसली जाते. बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली, त्या शहरात राहणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागू नये. तरीही तो सांगितला पाहिजे, कारण टांगलेल्या टी-शर्टकडे आपण चित्र म्हणून बघतच नाही.

त्यामुळे माझी पहिली अट अशी आहे की टी-शर्टवर कॉमिक्समधले चित्र असावे. मुखपृष्ठ असेल, पानावरची एखादी चौकट असेल, एखाद्या चित्रकाराच्या शैलीतले पात्र असेल, तर परवान्याला अर्थ आहे. याउलट छातीवर फक्त वटवाघळाचे बोधचिन्ह किंवा ढालीतला ‘एस’ असलेला टी-शर्ट ९९९ रुपयांना घेणे मला पटत नाही. एका किंवा दोन रंगांचे ते काम आहे, त्यात कोणत्याही चित्रकाराची रेघ नाही, आणि त्याची अधिकृत छपाई साध्या छपाईहून चांगली होण्याला फारसा वाव नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आगेमागे घाईने काढलेले, नटाचा चेहरा आणि चित्रपटाचे नाव छापलेले टी-शर्ट मी याच वर्गात टाकतो; ते कॉमिक्सचे नसून जाहिरातीचे असतात, आणि दुसऱ्याची जाहिरात अंगावर घालण्यासाठी चौपट पैसे देण्याचे कारण नाही.

मग नुसते बोधचिन्ह हवे असेल तर महाद्वार रोडवरचा २५० रुपयांचा टी-शर्ट घ्यावा काय? तेही मी सुचवणार नाही. पात्रांची चित्रे कॉपीराइट कायदा, १९५७ खाली आणि बोधचिन्हे ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली संरक्षित असतात. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइट भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. सुपरमॅनची १९३८ सालची पहिली कथा अमेरिकेत २०३४ च्या सुरुवातीला सार्वजनिक मालकीची होईल, पण त्यानंतरही बोधचिन्हावरचा ट्रेडमार्क राहू शकतो. कारवाईची भीती घालण्याचा येथे हेतू नाही. टांगलेला टी-शर्ट घेणाऱ्यावर ती सहसा होत नाही, आणि गाडीवर तो विकणारा माणूस आपले पोट भरत असतो, त्याच्यावर राग धरावा असेही मला वाटत नाही. तरी परवानगीशिवाय दुसऱ्याचे चित्र छापून विकणे चूक आहे, आणि ही गोष्ट कोल्हापूरकराला विशेष समजली पाहिजे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या एका सादरीकरणात प्राडा या कंपनीने तिच्यासारखीच पादत्राणे कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सर्वांनी आवाज उठवला आणि कंपनीला ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे पत्राने मान्य करावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावणाऱ्या आणि वेणी घालणाऱ्या हातांचे नाव घेतले जावे, एवढीच आपली मागणी होती. मानांकन हे एका प्रदेशातील कारागिरांचे सामूहिक संरक्षण आहे आणि टी-शर्टचा परवाना हा एका कंपनीचा मालकी हक्क आहे, हा फरक मोठा आहे व तो मी मान्य करतो. पण दुसऱ्याच्या निर्मितीचा उपयोग त्याच्या संमतीने आणि त्याचे नाव घेऊन व्हावा, हे तत्त्व चपलेला लावायचे आणि चित्राला लावायचे नाही, हे योग्य नव्हे.

याच ठिकाणी परवान्याच्या टी-शर्टविषयी माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. जास्तीचे पैसे आपण चित्रासाठी देतो, परंतु ते चित्र काढणाऱ्याला मिळतातच असे नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ साली १३० डॉलरना विकले. पुढे अनेक वर्षे त्यांची नावेही छापली जात नव्हती. १९७५ मध्ये मोठा गाजावाजा झाल्यावर कंपनीने त्यांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून श्रेय देण्याचे मान्य केले. बॅटमॅनच्या निर्मितीत बॉब केन यांच्याबरोबरीचा वाटा असलेले बिल फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांचे नाव अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडले. मार्व्हलच्या कितीतरी पात्रांना रूप देणारे जॅक कर्बी यांच्या वारसांशी कंपनीने २०१४ मध्ये तडजोड केली, तीही खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचल्यावर. मोबदल्यावर करून दिलेले काम हे कंपनीच्या मालकीचे, या नियमामुळे चित्रकाराचा हक्क पहिल्याच दिवशी संपतो.

म्हणून परवान्याच्या टी-शर्टवर, आतल्या लेबलवर का होईना, चित्रकाराचे नाव छापलेले असावे, अशी माझी आग्रहाची अपेक्षा आहे. काही टी-शर्टवर मूळ मुखपृष्ठ सहीसकट छापलेले असते. असा टी-शर्ट मिळाला तर मी तो प्राधान्याने घेतो, आणि त्याची किंमत शंभर-दोनशेने जास्त असली तरी हरकत घेत नाही. परवाना क्रमांक, मालक कंपनीचे नाव, चकाकणारा होलोग्राम हे सगळे लेबलवर असते. कोणत्या अंकातले चित्र आहे आणि ते कोणी काढले, एवढ्या दोन ओळींना जागा मिळत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

हीच अपेक्षा आपल्या कॉमिक्सकडूनही आहे, किंबहुना जास्त आहे. माझ्या पिढीच्या आधीच्या वाचकांनी १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ, म्हणजे फँटम, वाचला. अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली आणि तिच्यासाठी प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी काम केले. मुळीक यांनी पुढे १९८६ साली आलेल्या नागराज या कॉमिक्समधल्या नायकालाही घडवले. या मंडळींच्या रेषेत ताकद आहे, आणि ती टी-शर्टवर तितकीच शोभेल. १८० जीएसएमच्या सुती कापडावर, पातळ छपाईत, मुळीकांचे नाव असलेले एखादे जुने मुखपृष्ठ कोणी अधिकृतपणे काढले, तर त्याला मी अमेरिकन पात्राच्या टी-शर्टइतकीच किंमत विनातक्रार देईन. आपल्याकडील प्रकाशकांनी या बाजाराकडे गंभीरपणे पाहावे. तिरुप्पूरचे कापड आणि चांगली छपाई करणारे हात देशातच आहेत, आणि चित्रेही घरचीच आहेत.

खरेदीच्या व्यवहाराबद्दल थोडेच सांगायचे आहे. परवान्याच्या टी-शर्टच्या छापील किमतीला फारसे महत्त्व देऊ नये, कारण हंगाम संपताना आणि सणांच्या आधी तोच माल ३० ते ५० टक्के सवलतीत येतो. बोधचिन्हाचे टी-शर्ट प्रत्येक सेलमध्ये हमखास असतात. चांगल्या चित्राचे मात्र मध्यम आणि मोठे माप आधी संपते, त्यामुळे मनापासून आवडलेले चित्र दिसले तर सेलची वाट पाहू नये. ऑनलाइन मागवताना कापडाचे जीएसएम आणि छपाईची पद्धत या दोन गोष्टी वर्णनात दिल्या आहेत का, हे पाहावे. ज्या विक्रेत्याने त्या दिलेल्या नाहीत त्याच्याकडून पूर्ण किमतीत घेऊ नये. ढगळ मापाचा टी-शर्ट आपल्या नेहमीच्या मापाने घेतला तर त्याची बाही कोपरापर्यंत येते, म्हणून छातीचा घेर इंचांत तपासावा. ‘अधिकृत’ असा शब्द मथळ्यात असूनही लेबलवर मालक कंपनीचे नाव नसेल, तर तो टी-शर्ट परवान्याचा समजू नये आणि परत करावा. घरी आल्यावर तो उलटा करून, थंड पाण्यात धुवावा आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. धुण्याच्या दगडावर आपटला तर कोणतीही छपाई टिकणार नाही, मग ती ३०० रुपयांची असो वा १,३०० ची.

लहान मुलांच्या टी-शर्टसाठी मात्र माझे मत वेगळे आहे. मुलांचे माप वर्ष-दीड वर्षात बदलते, टी-शर्ट मातीत, रंगात आणि पन्हाळ्याच्या सहलीत लोळतो, आणि मुलाला चित्रकाराच्या रेघेपेक्षा स्पायडरमॅन अंगावर असण्याचा आनंद मोठा असतो. त्यासाठी ८०० रुपये देण्याची गरज नाही. मोठ्या साखळी दुकानांत मुलांचे परवानाधारक टी-शर्ट ३०० ते ५०० रुपयांत मिळतात, कापड बऱ्यापैकी असते आणि किमतीतला फरक हातगाडीपेक्षा फारसा राहत नाही. छपाई छातीभर मोठी नसलेला, आतल्या बाजूने हात फिरवला तर खरखर न लागणारा आणि गळ्याला टोचणारे लेबल शिवण्याऐवजी छापलेला टी-शर्ट बघून घ्यावा, आणि वाढीसाठी एक माप मोठा घ्यावा.